प्रशिक्षणाच्या अर्जाआधी घराच्या हिशेबाचे पान: गोव्यात कौशल्य प्रशिक्षण आणि सामाजिक सुरक्षा योजना एकत्र कशा वापराव्यात

मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हापासून डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील असंख्य घरांत नवे काम शिकण्याचा विचार सुरू झाला. आयटीआय, कौशल्य विकास संचालनालय, शिकाऊ उमेदवारी असे मार्ग उपलब्ध आहेत. परंतु स्वयंसहाय्य गटाचे काम करताना मी पाहत आले आहे, की प्रशिक्षण अर्धवट सुटते ते बहुधा अभ्यास जड गेल्यामुळे नव्हे, तर त्या काळात घर चालवण्याची सोय न झाल्यामुळे. म्हणून प्रशिक्षणाचा अर्ज आणि आधाराच्या योजनांचे अर्ज ही दोन वेगळी कामे न मानता एकाच कामाचे दोन भाग मानावेत.

सुरुवात वहीच्या एका पानावर करावी. सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळेत घरातील प्रत्येक माणूस कुठे असतो, कोणाकडे कोण पाहतो, दरमहा कोणत्या तारखेला कुठून पैसे येतात आणि औषध, बसभाडे, दूध, हप्ता यांवर किती जातात, हे लिहून काढावे. आमच्या वाड्यावरील एका गृहिणीने शिवणकामाच्या वर्गात नाव घातले आणि पाचव्या आठवड्यात ती घरी बसली. कारण शोधले, तेव्हा समजले की सासूबाईंचा दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा (वृद्धांना राज्य सरकारकडून मिळणाऱ्या मासिक साहाय्याचा) हप्ता तीन महिने जमा झालेला नव्हता, कारण हयातीचा दाखला देण्याचे राहून गेले होते. दाखल्याचा कोरा कागद बिस्किटांच्या डब्यात, पासबुकाखाली घडी करून ठेवलेला सापडला. महिन्याचे ते 2,000 रुपये म्हणजे सासूबाईंची औषधे होती, आणि औषधांचा खर्च सुनेच्या बसभाड्यातून निघत होता. वर्गात नाव घालण्याआधी ते पान लिहिले असते, तर ही गोष्ट आधीच दिसली असती.

पान लिहून झाले की कागदपत्रे एकाच खेपेत काढावीत. रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी मामलेदार कार्यालयात किंवा गोवा ऑनलाइन या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि हे दाखले प्रशिक्षणालाही लागतात, योजनांनाही लागतात. आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला आहे ना, तसेच आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला या तिन्हींवर नाव सारखेच आहे ना, हे आधीच तपासावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे अर्ज याच एका कारणाने सर्वाधिक अडकतात. दाखला हातात येताच प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात. आपल्या पंचायतीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे स्वयंपूर्ण मित्राकडे, हे पान घेऊन जावे, कारण वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एकत्र पाहून सांगणे हेच त्याचे काम आहे.

आता प्रशिक्षणाची निवड. येथे अभ्यासक्रमाच्या नावाइतकेच त्याच्या वेळापत्रकाला आणि विद्यावेतनाला महत्त्व द्यावे. सुतार, कुंभार, गवंडी, शिंपी, जाळी विणणारे अशा 18 परंपरागत व्यवसायांतील कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. घरातील रोजची मजुरी बुडणार असेल, तर अशी सोय असलेला वर्ग आधी पाहावा. ग्रामीण भागातील 15 ते 35 वयाच्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. लहान मूल असेल, तर अंगणवाडी दुपारपर्यंतच असते हे ध्यानात ठेवून सकाळची तुकडी मागावी, आणि परतीची शेवटची बस किती वाजता आहे, हे प्रवेश घेण्याआधी स्वतः त्या थांब्यावर जाऊन विचारावे.

सर्वांत जास्त काळजी शिकाऊ उमेदवारीच्या काळात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली काम करणाऱ्याला विद्यावेतन मिळते, पण तो कामगार गणला जात नसल्याने भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (पगारातून वर्गणी भरून मिळणारा कर्मचारी राज्य विमा) त्याला लागू होत नाहीत. मुलगा कारखान्यात जाऊ लागला म्हणजे त्याच्या आजारपणाची सोय झाली, अशी आईवडिलांची समजूत होते आणि घरातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाचे नूतनीकरण राहून जाते. हे कार्ड तीन किंवा त्याहून कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण देते. त्याची मुदत याच काळात आवर्जून तपासावी.

नोकरी लागल्यावर हिशेब बदलतो आणि तो लपवू नये. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे दरमहा 1,500 रुपये पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल तरच मिळतात. पतीला महिना 15,000 आणि पत्नीला नव्या नोकरीत 12,000 मिळू लागले, तर वर्षाचे उत्पन्न 3 लाख 24 हजार होते, म्हणजे ही मर्यादा ओलांडली जाते. 1,500 रुपये जातील म्हणून 12,000 ची नोकरी सोडणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत आणि त्यांची भीती मला कळते, कारण ते पैसे तिच्या नावावर, तिच्या हातात येत होते. तरीही पगार तिच्याच खात्यात जमा होईल अशी व्यवस्था करून महिला व बाल विकास खात्याला लेखी कळवावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. एकाच्या उत्पन्नाने घरातील दुसऱ्याचा हप्ता धोक्यात येतो का, हेही त्याच वेळी समाजकल्याण खात्यात विचारून घ्यावे.

पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापन ईएसआयखाली येत असेल, तर उपचार नोंदणीच्या दिवसापासून मिळतात. आजारपणातील रजेचा मोबदला मात्र ठरावीक दिवसांची वर्गणी भरल्यावरच सुरू होतो. वर्ग संपणे आणि पहिला पगार येणे यांमध्ये दोन-तीन महिने जाऊ शकतात, आणि तेवढ्या काळाच्या खर्चाची तरतूद स्वयंसहाय्य गटाच्या अंतर्गत कर्जातून आधीच मागून ठेवावी. नोंदणी करताना मालकाकडून विमा क्रमांक लिहून घ्यावा, आणि सासू-सासरे किंवा आईवडील आपल्यावर अवलंबून असतील, तर ईएसआयच्या नियमानुसार त्यांची नावे त्याच क्रमांकाखाली घालता येतात का, हे विचारून घ्यावे.