उष्टावणाआधीची तयारी: काय उकळावे, काय नुसते धुवावे

बाळाला सहा महिने पूर्ण होत आले आणि उष्टावणाचा दिवस ठरला, की घरातली मंडळी कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन चांदीची वाटी-चमचा पसंत करतात, आणि त्याच सुमारास विजेवर चालणारा, भांडी निर्जंतुक करणारा स्टरिलायझर घ्यावा की नाही, याची चर्चा सुरू होते. त्यावर पैसे घालण्याआधी बाळाच्या भांड्यांचे दोन गट पाडून घ्यावेत, कारण ते केले नाही तर वाट्या-चमचे रोज भक्तिभावाने उकळले जातात आणि जे खरोखर उकळायला हवे ते नळाखाली विसळून पुन्हा वापरात येते.

पहिला गट दुधाच्या भांड्यांचा. बाटली, निपल, तिची झाकणे, ब्रेस्ट पंपाचे सुटे भाग आणि आतमध्ये झडप किंवा नळी असलेला सिपर, यांपैकी जे काही दुधासाठी वापरात असेल ते बाळ एक वर्षाचे होईपर्यंत निर्जंतुक करावे. दूध हे जंतूंना वाढायला अत्यंत सोयीचे असते आणि ते अशाच ठिकाणी अडकून राहते, जिथे बोट पोहोचत नाही. उकळण्याआधी प्रत्येक भाग सुटा करून, निपल उलटे करून, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या ब्रशने गरम साबणाच्या पाण्यात घासणे आवश्यक आहे. दुधाचा थर तसाच ठेवून उकळण्यात काही अर्थ नाही. मग सर्व भाग पूर्ण बुडतील आणि आत हवेचा बुडबुडा राहणार नाही अशा बेताने पातेल्यात घालून, पाण्याला खळखळून उकळी आल्यापासून दहा मिनिटे ठेवावेत. बाहेर काढल्यावर ओट्यावरच्या फडक्याने पुसू नयेत, उलटे घालून आपोआप वाळू द्यावेत. एवढ्यासाठी झाकणाचे एक मोठे पातेले पुरते. स्टरिलायझर ही सोय आहे, गरज नव्हे. वरचेवर उकळून चिकट झालेले किंवा चीर गेलेले निपल टाकून द्यावे. पावडरचे दूध द्यावे लागत असेल, तर ती पावडर मुळात निर्जंतुक नसते हे ध्यानात ठेवून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी आणि मग दूध निववून द्यावे.

बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायचे चोचीचे भांडे, याच गटात मोडते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचे पोट उघडे असल्यामुळे ते स्वच्छ दिसते. पण चोचीच्या अरुंद मार्गात दुधाचा ओघळ वाळून बसतो, म्हणून धुतल्यावर ते उजेडाकडे धरून चोचीतून पलीकडचे दिसते का, ते पाहावे. खरे तर सहा महिन्यांनंतर उघडी वाटी आणि चमचा यांच्यासारखे सोपे साधन नाही. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली आहे, ती उगाच नाही.

दुसऱ्या गटात वाटी, चमचा आणि ताटली येतात. सहा महिन्यांनंतर ही भांडी निर्जंतुक करण्याची आवश्यकता नाही, गरम साबणाच्या पाण्याने धुतली की पुरते, असा ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा सल्ला आहे. या वयाचे मूल चादरीचे टोक, चाव्या, स्वतःच्या पायाचा अंगठा असे सगळेच तोंडात घालते; एकटा चमचा उकळून फारसे काही साधत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आतच वरचे अन्न सुरू करायला सांगितले असेल, तर मात्र त्यांच्या सांगण्याप्रमाणे चमचाही उकळावा. चांदीमुळे जंतू मरतात या भरवशावर वाटी न घासता ठेवू नये, आणि ती निवडताना आतून सपाट निवडावी, कारण नक्षीच्या खाचेत पेज अडकते.

हा सल्ला मात्र नळाचे पाणी थेट पिता येते अशा देशातला आहे. आपल्याकडे भांडे विसळण्याच्या पाण्याचाही विचार करावा लागतो. इचलकरंजीत २०१२ साली आलेली काविळीची साथ दूषित पाण्यातूनच पसरली होती, आणि कोल्हापुरात २०१९ व २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे लोकांना टँकरवर अवलंबून राहावे लागले होते. म्हणून पावसाळ्यात किंवा पाणी गढूळ येत असेल तेव्हा बाळाची सर्वच भांडी शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावीत. पिण्याचे पाणी तर बारा महिने उकळलेलेच असावे: गढूळ असल्यास निवळू द्यावे, कापडाने गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे. ते झाकणाच्या भांड्यात ठेवून ओगराळ्याने काढावे, त्यात हात बुडवू नये.

मिक्सरचे छोटे भांडे बाळासाठी निराळे ठेवता आले तर उत्तम. पाते आटे फिरवून सुटे होत असेल तर त्याखालचा रबरी वायसर काढून पाहावा; भात-वरण वाटून दोन दिवस झाले असले, तर तिथे करड्या रंगाचा बुळबुळीत थर सापडण्याचा पुष्कळ संभव असतो. गाळणीची जाळीही तशीच, वापरल्याबरोबर ब्रशने घासावी.

भांड्यांइतकीच काळजी हातांची आणि उरलेल्या अन्नाची घ्यावी. माझ्या मते थोडी जास्तच. भरवणाऱ्याने आणि शिजवणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, बाळाचेही धुवावेत. मुगाचे खिमट किंवा नाचणीची पेज एका वेळेपुरती करावी, दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये, आणि बाळाचा उष्टा चमचा ज्यात गेला ते पुढच्या वेळेसाठी राखू नये. गरम आहे का, हे आजींनी चमचा स्वतःच्या तोंडात घालून न पाहता मनगटावर थेंब टाकून पाहावे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर मिळणारे धारोष्ण दूध मोठ्यांच्या आवडीचे असले तरी बाळाच्या तोंडाला लावू नये, आणि मध एक वर्षापर्यंत बोटावरसुद्धा चाटवू नये.

उष्टावण घरी न करता जोतिबाला किंवा नृसिंहवाडीला करणार असाल, तर उकळलेले पाणी थर्मासमध्ये, वाटी-चमचा झाकणाच्या कोरड्या डब्यात आणि हात धुण्यासाठी साबणाची वडी, असे आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवावे. पहिल्या घासाची खीर घरून निघताना ताजी करून घ्यावी, तिच्यात साखर-गूळ घालू नये, आणि पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागणार असेल तर तिथेच गरम पाण्यात कालवता येईल असे भाजलेले नाचणीचे पीठ न्यावे.