कपाशीच्या मुळाशी पाणी, पानात इथिलीन: आकस्मिक मर रोखण्यासाठी तातडीचा सल्ला

पंधरा-वीस दिवसांची उघडीप, दुपारचे कडक ऊन, भेगाळलेली काळी जमीन आणि तीवर एका रात्रीत कोसळलेला उत्तरा किंवा हस्ताचा पाऊस, असा योग कपाशी पात्या (फुलांच्या कळ्या) आणि बोंडांनी लदलेली असताना जुळून आला, की शेताच्या खोलगट भागातील झाडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माना टाकतात. यालाच आकस्मिक मर म्हणतात. ही बुरशीजन्य मर नव्हे. तरीही दरवर्षी अशा झाडांवर बुरशीनाशके आणि टॉनिके ओतली जातात आणि सरीतले पाणी मात्र तसेच उभे राहते. फवारणीचा पंप खांद्यावर घेण्याआधी फावडे घेऊन धुऱ्यालगतचा चर मोकळा करावा, हे या सल्ल्यातील पहिले काम आहे.

ओळख पटवण्यासाठी झाड उपटून पाहावे. मूळकुज असेल तर झाड सहज हाती येते आणि मुळाची साल सुटून निघते. बुरशीजन्य मर असेल तर खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसतात. आकस्मिक मरीचे झाड जमिनीत घट्ट असते, खोड आतून स्वच्छ असते आणि शेजारची चार झाडे टवटवीत असताना मधलेच एखादे, बहुधा सर्वांत जास्त बोंडे धरलेले, कोमेजलेले आढळते. पुढे पाने पिवळट-लालसर होऊन गळतात आणि अपक्व बोंडे वेळेआधी फुटतात.

मुळाशी साचलेल्या पाण्याने वरची पाने का गळावीत, हे समजून घेतले तर औषधावरचा निम्मा खर्च वाचेल. पाने आणि पाती गळवणारा इथिलीन वायू झाड स्वतःच तयार करते. त्याच्या आधीची पायरी म्हणजे एसीसी या नावाने ओळखला जाणारा पदार्थ, हे १९७९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात शांग फा यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. एसीसीचे इथिलीन होण्यासाठी प्राणवायू लागतो. चिबडलेल्या जमिनीत तो नसल्यामुळे मुळांत एसीसी साठत जाते, रसासोबत वर चढते आणि भरपूर हवा असलेल्या पानात पोहोचताच तिचे इथिलीन होते. यांग यांच्याच प्रयोगशाळेने पुढच्या वर्षी टोमॅटोच्या पाणी साचलेल्या झाडांवर हे दाखवून दिले.

या कामात कर्बवायूचाही (कार्बन डायऑक्साइडचाही) वाटा आहे. एसीसीचे इथिलीन करणाऱ्या विकराला कर्बवायूची जोड लागते. भर प्रकाशात पान प्रकाशसंश्लेषणासाठी कर्बवायू ओढून घेते, त्यामुळे पानातील त्याचे प्रमाण घटते आणि इथिलीनला आपोआप लगाम बसतो. १९८२ च्या सुमारास भाताच्या आणि आपल्या बांधावर माजणाऱ्या गोखरूच्या पानांवर झालेल्या प्रयोगांत, बंद भांड्यात प्रकाशात ठेवलेल्या पानांतून इथिलीन कमी सुटले आणि वरून कर्बवायू सोडताच ते वाढले. कपाशीसारख्या पिकांत यात प्रकाशश्वसनाची भर पडते. कडक उन्हात पाण्याच्या ताणाने पर्णरंध्रे मिटली, की पान कर्बवायूऐवजी प्राणवायू पकडू लागते आणि बांधलेल्या कर्बाचा काही भाग पुन्हा कर्बवायू म्हणून पानाच्या आतच सुटतो. मका आणि ज्वारी यांच्यात ही गळती जवळजवळ होत नाही.

यापुढचे माझे अनुमान आहे, कृषी विद्यापीठाची शिफारस नव्हे. उघडिपीत तापलेल्या पानात प्रकाशश्वसनाचा कर्बवायू आधीच खेळत असतो. पावसानंतर आभाळ दाटून राहिले की प्रकाशसंश्लेषण मंदावते, लगाम सुटतो आणि नेमक्या त्याच वेळी मुळांकडून एसीसीचा लोंढा येतो. पावसानंतर दोन दिवस ढगाळ राहिलेल्या शेतात पातेगळ अधिक झालेली मी अनेकदा पाहिली आहे. म्हणून पाऊस थांबून आभाळ तसेच असेल, तर पाणी काढण्यास ऊन पडण्याची वाट पाहू नये. ढग आणि ऊन आपल्या हाती नाहीत, चर मात्र आहे.

पाणी निघाल्यानंतर, झाडे सुकू लागल्यापासून २४ ते ४८ तासांच्या आत पुढीलपैकी एक उपाय करावा.

– आळवणी: १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, पांढरा पोटॅश (०:०:५०) १०० ग्रॅम आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी १०० मिली द्रावण द्यावे आणि माती पायाने दाबून घ्यावी.
– फवारणी: कोबाल्ट क्लोराईड १० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम.

कोबाल्ट एसीसीचे इथिलीन करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून तो येथे उपयोगी पडतो. मात्र एका पंपापुरता तो घरच्या काट्यावर मोजता येत नाही. १ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात विरघळवून, त्यातील १५० मिली द्रावण १५ लिटरच्या पंपात घ्यावे. पदार्थ विषारी आहे. हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. मात्रा अंदाजाने वाढवू नये.

मागील एका हंगामात एका शेतकऱ्याच्या घरी मी तीन रिकाम्या बाटल्या पाहिल्या: एक टॉनिक, एक महागडे बुरशीनाशक आणि एक संजीवक, तिन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले. शेतात गेलो तेव्हा खालच्या कोपऱ्यातील सरीत घोट्याइतके पाणी होते आणि त्यावर गळलेली पाती तरंगत होती. दुकानदाराने शेत पाहिलेले नव्हते आणि पाणी साचले आहे का, हेही विचारलेले नव्हते. पातेगळ थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एनएए (नॅप्थलीन ॲसेटिक ॲसिड) यासारख्या संजीवकाची दुप्पट मात्रा दिल्यास झाड उलट अधिक इथिलीन तयार करते, हे विक्रेता सांगत नाही. इथेफॉन हे तर इथिलीनच सोडणारे औषध आहे. सुकणाऱ्या कपाशीवर ते कदापि फवारू नये.

ज्यांच्या शेतात अद्याप मर आलेली नाही, त्यांनी डवऱ्याच्या जानोळ्याला (पास धरणाऱ्या दांड्याला) दोरी गुंडाळून शेवटच्या डवरणीत सऱ्या पाडून घ्याव्यात आणि प्रत्येक सरीचे तोंड उताराच्या बाजूने चरात उघडावे. चर धुऱ्यापाशी अडला असेल तर शेजाऱ्याशी आजच बोलावे, कारण रात्री पाऊस सुरू असताना हा वाद मिटत नाही. उघडिपीत ओलीत करावयाचे झाल्यास एक सरी आड, हलके पाणी द्यावे. पावसाचा अंदाज असेल तर ओलीत पुढे ढकलावे. भेगाळलेल्या जमिनीला पाटाने भरपूर पाणी देऊन त्यावर पाऊस ओढवून घेणे, हा आकस्मिक मर आणण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

या काळातील इतर कामे:

– गुलाबी बोंडअळीसाठी एकरी २ कामगंध सापळे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात रोज ८ पतंग आढळल्यास फवारणी.
– डोमकळ्या (अळी आत शिरल्याने न उमललेली फुले) तोडून नष्ट करणे.
– लाल्यासाठी (पाने लाल पडण्याच्या विकृतीसाठी) मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का.
– वाफसा येताच हलकी निंदणी.

मर आलेली झाडे लगेच उपटू नयेत. पाणी वेळेत निघाले असेल तर त्यांतील काहींना नवी पालवी फुटते. वेळेआधी फुटलेल्या बोंडांचा कापूस मात्र वेगळा वेचावा आणि चांगल्या कापसाच्या गाठोड्यात घालू नये.