अमेरिकेतील समुपदेशन पदव्युत्तर अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती कशी तपासावी

मानसशास्त्राची पदवी घेऊन अमेरिकेत समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायला निघालेले विद्यार्थी बहुधा आधी विद्यापीठाचे नाव पाहतात, मग शुल्क आणि मग शहर. अधिस्वीकृतीचा, म्हणजे ॲक्रेडिटेशनचा, विचार झालाच तर प्रवेश हाती आल्यावर होतो. हा क्रम उलटा असायला हवा. अमेरिकेत समुपदेशक म्हणून स्वतंत्रपणे काम करायचे तर राज्याचा परवाना लागतो आणि परवाना देणारे मंडळ विद्यापीठाच्या नावलौकिकापेक्षा अर्जदाराने नेमका कोणता अभ्यासक्रम, कोणत्या निकषांनुसार पूर्ण केला हे तपासते. त्यामुळे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पुढील गोष्टी ओळीने पाहून घ्याव्यात.

आधी राज्य ठरवा

समुपदेशकांचा परवाना अमेरिकेचे केंद्र सरकार देत नाही. तो प्रत्येक राज्याचे मंडळ देते. व्हर्जिनियाने 1976 मध्ये असा कायदा प्रथम केला आणि 2009 मध्ये कॅलिफोर्नियाने तो केल्यावर पन्नासही राज्यांत परवाना पद्धत आली. परवान्याची नावेही एकसारखी नाहीत. कुठे एलपीसी, कुठे एलएमएचसी, कुठे एलपीसीसी अशी आद्याक्षरे वापरतात. व्यवसाय मात्र जवळजवळ तोच असतो.

अटींमध्ये खरा फरक आहे. ओहायो राज्य 2018 पासून आणि नॉर्थ कॅरोलायना 2022 पासून ‘कॅक्रेप’ या संस्थेने अधिस्वीकृत केलेल्या अभ्यासक्रमाची पदवी मागते. इतर अनेक राज्ये अशी थेट अट घालत नाहीत, पण कोणते विषय, किती क्रेडिट आणि किती तासांचे प्रत्यक्ष काम हवे याची यादी देतात. अधिस्वीकृत अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला ही यादी सहसा आपोआप पूर्ण होते, तर इतरांना एकेका विषयाचा तपशील मंडळापुढे मांडून समकक्षता सिद्ध करावी लागते. आपण कुठे राहणार हे अजून ठरले नसेल (आणि बावीस-तेविसाव्या वर्षी ते ठरलेले नसणेच स्वाभाविक आहे), तर सर्वांत कडक अट असलेल्या राज्यातही चालेल असा अभ्यासक्रम निवडणे शहाणपणाचे.

अधिस्वीकृतीचे दोन थर वेगळे ओळखा

भारतात ‘नॅक’चे मानांकन संपूर्ण महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला मिळते, म्हणून आपल्याकडचे पालक अमेरिकी विद्यापीठाबद्दलही ‘ॲक्रेडिटेड आहे ना?’ एवढाच प्रश्न विचारतात आणि ‘हो’ असे उत्तर आले की निर्धास्त होतात. अमेरिकेत या प्रश्नाची दोन उत्तरे असतात. पहिला थर संस्थेचा: हायर लर्निंग कमिशन, मिडल स्टेट्स कमिशन ऑन हायर एज्युकेशन यांसारख्या संस्था संपूर्ण विद्यापीठ तपासतात आणि केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्याची पात्रता या थराशी जोडलेली असते. दुसरा थर विशिष्ट अभ्यासक्रमाचा असतो आणि समुपदेशनाच्या बाबतीत तो प्रामुख्याने कॅक्रेपचा आहे.

कॅक्रेप म्हणजे कौन्सिल फॉर ॲक्रेडिटेशन ऑफ काउन्सेलिंग अँड रिलेटेड एज्युकेशनल प्रोग्रॅम्स. ही संस्था 1981 मध्ये स्थापन झाली. पुनर्वसन समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणारी ‘कोअर’ ही वेगळी संस्था 2017 मध्ये तिच्यात विलीन झाली. कॅक्रेप फक्त पदव्युत्तर आणि डॉक्टरेट पातळीवरचे अभ्यासक्रम पाहते. विद्यापीठ पहिल्या थरावर पूर्णपणे मान्यताप्राप्त असूनही त्याचा समुपदेशनाचा अभ्यासक्रम दुसऱ्या थरावर नसणे सहज शक्य आहे, आणि त्यात फसवणूक काहीच नाही. विद्यापीठाच्या जाहिरातीतले ‘फुली ॲक्रेडिटेड’ हे शब्द मात्र बहुतेक वेळा पहिल्या थराबद्दलच असतात.

मानसशास्त्र विभागांतून चालणाऱ्या काही अभ्यासक्रमांनी एमपीकॅक (मास्टर्स इन सायकॉलॉजी अँड काउन्सेलिंग ॲक्रेडिटेशन कौन्सिल) या अधिस्वीकृती देणाऱ्या दुसऱ्या संस्थेची वाट धरली आहे. त्यामागे जुना वाद आहे. कॅक्रेपच्या निकषांनुसार मुख्य प्राध्यापकांची डॉक्टरेट समुपदेशक-शिक्षण या विषयातली असावी लागते. 2013 च्या मध्यापूर्वीपासून शिकवणाऱ्यांना सवलत मिळाली, पण नव्याने येणाऱ्या मानसशास्त्राच्या डॉक्टरेटधारकांसाठी दार बरेचसे बंद झाले. एमपीकॅकचे अभ्यासक्रम कमी प्रतीचे असतात असे समजण्याचे कारण नाही. काही नामवंत विद्यापीठे त्यात आहेत. परंतु फक्त कॅक्रेप मान्य करणाऱ्या राज्यात ती पदवी उपयोगी पडणार नाही, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने निर्णायक गोष्ट तीच आहे.

यादीत नेमकी कोणती शाखा आहे ते पाहा

कॅक्रेपच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची सूची सर्वांसाठी खुली असते. तिथे विद्यापीठाचे नाव सापडले म्हणून थांबू नये, कारण अधिस्वीकृती शाखेनुसार नोंदवलेली असते. क्लिनिकल मेंटल हेल्थ, शालेय, विवाह व कुटुंब, व्यसनमुक्ती, करिअर, पुनर्वसन अशा शाखा स्वतंत्र धरल्या जातात. एखाद्या विद्यापीठाची शालेय समुपदेशनाची शाखा यादीत असेल आणि क्लिनिकल मेंटल हेल्थची नसेल, तर रुग्णालयात किंवा खासगी व्यवसायात जाऊ पाहणाऱ्याला त्या नोंदीचा फायदा नाही. म्हणून शाखेचे नाव, पदवीचे नाव, शिकण्याचे ठिकाण किंवा ऑनलाइन माध्यम आणि अधिस्वीकृतीची मुदत, या चार गोष्टी प्रवेशपत्रावरील मजकुराशी शब्दशः ताडून पाहाव्यात.

निकष काय मागतात ते समजून घ्या

सध्याचे निकष 1 जुलै 2024 पासून लागू झाले आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान 60 सेमिस्टर-क्रेडिटचा हवा. साधारण दोन ते तीन वर्षांचे हे काम आहे. व्यावसायिक नीती, सामाजिक-सांस्कृतिक ओळख, आयुष्यभरातील विकास, करिअर, समुपदेशनाची प्रत्यक्ष प्रक्रिया, गटकार्य, मूल्यमापन व निदान, संशोधन या आठ पायाभूत क्षेत्रांचा अभ्यास सर्व शाखांना सक्तीचा असतो. पूर्णवेळ हिशेबाने दर 12 विद्यार्थ्यांमागे किमान एक प्राध्यापक असावा आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाला किमान तीन पूर्णवेळ मुख्य प्राध्यापक असावेत, असाही दंडक आहे. विभागाच्या संकेतस्थळावरची प्राध्यापकांची यादी उघडून पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती हे मोजायला दहा मिनिटे लागतात. माहितीपत्रकाच्या गुळगुळीत पानांपेक्षा ती दहा मिनिटे अधिक सांगून जातात.

खरी कसोटी प्रत्यक्ष कामाची आहे आणि भारतीय विद्यार्थ्यांचा अंदाज इथेच चुकतो. आधी प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला प्रत्यक्ष सराव, असते: किमान 100 तास, त्यांपैकी 40 तास प्रत्यक्ष व्यक्तींसमोर बसून केलेले समुपदेशन. त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप, त्यात 240 तास प्रत्यक्ष समुपदेशन. म्हणजे एकूण 700 तासांत 280 तास समोर कुणीतरी आपली अडचण घेऊन बसलेले असते. उरलेला वेळ नोंदी, बैठका, तयारी आणि पर्यवेक्षणात जातो. आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा तिघांतले (एक पर्यवेक्षक आणि दोन विद्यार्थी) आणि दीड तास गटातले पर्यवेक्षण अपेक्षित असते. इंटर्नशिप पंधरा आठवड्यांच्या दोन सत्रांत विभागली, तर आठवड्याला वीस तास होतात, आणि वर्ग त्याशिवाय असतात. अर्धवेळ कमाई करून शुल्क भागवू, असा घरचा हिशेब असेल तर तो या आठवड्यांसमोर ठेवून पुन्हा मांडावा.

प्रशिक्षणाची जागा कोण शोधून देते, हा प्रश्न विभागाला लेखी विचारावा. काही विभागांचे ठरलेले दवाखाने, शाळा आणि केंद्रे असतात. काही ठिकाणी यादी हातात देऊन विद्यार्थ्यालाच फिरायला सांगतात. ऑनलाइन अभ्यासक्रमात हा फरक फार जाणवतो.

मान्यता कशी मिळते आणि तारखा का महत्त्वाच्या

प्रक्रिया थोडक्यात अशी: विभाग आधी स्वतःचाच सविस्तर अभ्यास-अहवाल लिहितो आणि प्रत्येक निकषासमोर पुरावा जोडतो. कागदपत्रांची छाननी झाली की क्षेत्रातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांचे पथक भेट देते आणि प्राध्यापक, विद्यार्थी, प्रशिक्षणस्थळांवरचे पर्यवेक्षक, प्रशासन या सर्वांशी बोलते. पथक निर्णय देत नाही. त्याच्या अहवालावर विद्यापीठ उत्तर देते आणि कॅक्रेपचे मंडळ सर्व काही वाचून ठरवते. पूर्ण मुदत आठ वर्षांची असते. काही बाबी अपुऱ्या राहिल्यास कमी मुदतीची मान्यता मिळते आणि त्या बाबी पूर्ण केल्याचा अहवाल मागवला जातो.

विद्यार्थ्यासाठी यातून एकच व्यावहारिक गोष्ट निघते. ‘आम्ही अर्ज केला आहे’ असे सांगणारा नवा अभ्यासक्रम अधिस्वीकृत नसतो, आणि अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. आपली पदवी ज्या महिन्यात पूर्ण होणार, त्या महिन्यात मान्यता अस्तित्वात असेल का, हे विचारावे आणि उत्तर ई-मेलवर घ्यावे. फोनवरचे आश्वासन परवाना मंडळापुढे ठेवता येत नाही.

निकालांचे पान वाचा

प्रत्येक अधिस्वीकृत अभ्यासक्रमाला दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर किती विद्यार्थी पदवीधर झाले, प्रवेश घेतलेल्यांपैकी कितींनी अभ्यासक्रम पूर्ण केला, परवाना किंवा प्रमाणन परीक्षेत किती उत्तीर्ण झाले आणि कितींना नोकरी मिळाली हे जाहीर करावे लागते. हे पान सहसा मुख्य पानावर दिसत नाही. विद्यापीठाच्या नावासोबत ‘व्हायटल स्टॅटिस्टिक्स’ किंवा ‘ॲन्युअल रिपोर्ट’ असे शोधल्यास सापडते. टक्केवारी वाचताना एकूण संख्या आवर्जून पाहावी: सहा जणांपैकी सहा उत्तीर्ण आणि साठपैकी साठ उत्तीर्ण यांचे शंभर टक्के सारखे नसतात.

आणखी एक पान उपयोगी पडते. परवान्याकडे नेणारे अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांना, आपला अभ्यासक्रम कोणत्या राज्यांच्या शैक्षणिक अटी पूर्ण करतो हे अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार सांगावे लागते. ‘प्रोफेशनल लायसेन्शर डिस्क्लोजर’ या नावाखाली राज्यांचा तक्ता मिळतो. तुमच्या राज्यासमोर ‘निश्चित केलेले नाही’ असा शेरा असेल, तर तो होकार समजू नये.

व्हिसाचा हिशेब आधीच करा

विद्यापीठाबाहेरच्या प्रशिक्षणस्थळी एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर काम करण्यासाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी लागू शकते. ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी. पदवीनंतरची अडचण याहून मोठी आहे. पूर्ण परवान्यासाठी बहुतेक राज्ये पदवीनंतर दोन-तीन हजार तासांच्या पर्यवेक्षित कामाची अट घालतात आणि त्याला सहज दोन वर्षे लागतात. समुपदेशनाच्या पदव्या सहसा जादा मुदत मिळवून देणाऱ्या एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नसल्याने ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर त्याच क्षेत्रात तात्पुरते काम करण्याची परवानगी, मात्र 12 महिन्यांचीच मिळते. अधिस्वीकृती ही दरी भरून काढत नाही. पुढची वर्षे कोणत्या व्हिसावर काढायची, हे विभागातल्या माजी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांनाच विचारावे. प्रवेश कार्यालय या प्रश्नावर फारसे बोलत नाही.

भारतात परतणार असाल तर

कॅक्रेपची मान्यता भारतात आपोआप कोणतीही नोंदणी देत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी असेल तर तिची पात्रता वेगळी आहे आणि समुपदेशनाची पदवी तिची जागा घेऊ शकत नाही. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नवे विनियम काढले आहेत; अर्ज त्यांनुसार करावा लागतो.

भारत असो वा अमेरिकेतले दुसरे राज्य, कागद मागितले जातातच. प्रत्येक विषयाचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम-आराखडा, प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिपच्या तासांची पर्यवेक्षकाच्या सहीची नोंद, पर्यवेक्षकाचा परवाना क्रमांक आणि पदवीच्या दिवशी सूचीत दिसणारी अधिस्वीकृतीची नोंद, हे सर्व विद्यापीठाचे ई-मेल खाते बंद होण्यापूर्वी स्वतःकडे उतरवून ठेवावे. पर्यवेक्षक नोकरी बदलतात, केंद्रे बंद पडतात, आणि पाच वर्षांनी त्या सह्या पुन्हा मिळवणे फार जिकिरीचे होते.