कोरियाची एकच टेक ट्री: उत्तर-दक्षिण दोन्ही घेऊन कशी मांडायची

वॉर थंडरसारख्या रणगाडे-विमानांच्या ऑनलाइन लढाईच्या गेममध्ये कोरिया यावा असं वाटणारे खूप आहेत, पण बहुतेक जण काय करतात तर दक्षिण कोरियाच्या के-२ ब्लॅक पँथर रणगाड्याचा फोटो दाखवतात आणि म्हणतात हा आणा. अशाने काही होत नाही. टेक ट्री, म्हणजे एका देशाच्या गाड्यांची साध्यापासून भारीपर्यंत, रँकवार खेळून उघडत जायची मांडणी, खालून बांधायची असते, आणि कोरियाचं असं आहे की खालच्या रँकचा माल उत्तरेकडे आहे आणि वरचा दक्षिणेकडे, म्हणून दोघांची मिळूनच एक ट्री करा असं माझं ठाम मत आहे. जर्मनीच्या ट्रीत पूर्व-पश्चिम दोन्ही आहेत, चीनच्या ट्रीत तैवान आहे, मग कोरियाला काय अडचण?

२५ जून १९५० ला युद्ध सुरू झालं तेव्हा दक्षिणेच्या सैन्याकडे एकही रणगाडा नव्हता. ३७ मिमी तोफेच्या एम-८ चिलखती गाड्या होत्या, बस. समोरून उत्तरेचे टी-३४-८५ रणगाडे आणि एसयू-७६ तोफगाड्या आल्या आणि तीन दिवसांत सोल पडलं. आता नुसत्या दक्षिणेची ट्री काढून बघा, सुरुवातीला एम-८, मग युद्धात अमेरिकेने दिलेली एम-३६, मग एम-४७ आणि एम-४८, म्हणजे अर्धी ट्री अमेरिकेचीच परत ग्राइंड करायची, तासन्‌तास खेळून उघडायची. नुसती उत्तरेची काढा, तर शेवटच्या रँकला के-२ समोर उभं करायला खात्रीची माहिती असलेलं काहीच मिळत नाही.

तर पहिलं काम चिठ्ठ्यांचं, प्रत्येक गाडीची एक. एक्सेलही चालेल, पण हाताने हलवता येतं त्यात जास्त कळतं. मी आणि माझा भाचा, आम्ही मे महिन्यात बडोद्याला घरी फरशीवर चार्ट पेपर अंथरून बसलो होतो, पंखा बंद करून, नाहीतर चिठ्ठ्या उडतात. प्रत्येक चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायच्या: नाव, साल, तोफ, कुणाकडून आली आणि कोरियात तिच्यात काय बदललं. पाचवी जागा रिकामी राहिली तर ती गाडी कॉपी-पेस्ट आहे, तिला सरळ फोल्डरमध्ये, म्हणजे तशाच दुसऱ्या गाडीच्या जागेत, टाका नाहीतर काढून टाका. एम-४८ए५के बघा, एम-४८च पण १०५ मिमी तोफ आणि बाजूला स्कर्ट लावलेला, तिला स्वतःची जागा मिळालीच पाहिजे.

मध्येच भाचा म्हणाला, मामा तू चुकलास, टी-८०यू दक्षिणेच्या रांगेत ठेवलास. म्हटलं नाही रे, तिथेच राहू दे. सोव्हिएत युनियनने दक्षिण कोरियाकडून कर्ज घेतलं होतं, ते रशियाच्या गळ्यात आलं आणि ९०च्या दशकात त्याच्या फेडीत टी-८०यू रणगाडे आणि बीएमपी-३ चिलखती गाड्या दिल्या. म्हणजे सगळ्यात भारी रशियन रणगाडा कोरियात दक्षिणेकडेच आहे. उलट उत्तरेकडे अमेरिकन एमडी-५०० हेलिकॉप्टर आहेत, ८०च्या दशकात फसवून मिळवलेली ८०च्या वर, आणि दक्षिणेत कोरियन एअरने तेच हेलिकॉप्टर लायसन्सवर बनवलं. या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या ना, की ट्री एकत्र का हवी हे वेगळं समजवावं लागत नाही.

रांगा आता. रणगाड्यांच्या दोन ठेवा, एक उत्तर एक दक्षिण. दक्षिणेची सोपी आहे: एम-३६, एम-४७, एम-४८ची कोरियन रूपं, १०५ मिमीचा के-१, १२० मिमीचा के-१ए१ आणि वर के-२, ज्यात गोळा आपोआप भरणारा ऑटोलोडर आहे, क्रू तिघांचा आणि सस्पेन्शन असं की गाडी गुडघे टेकवून बसते, म्हणजे टेकडीमागून खेळणाऱ्यांची चैन. तिसरी रांग हलक्या गाड्यांची, त्यात उत्तरेचा ८५ मिमीचा पाण्यात तरंगणारा पीटी-८५ आणि दक्षिणेचा ४० मिमीचा के-२१. विमानविरोधीला दक्षिणेचा ३० मिमीच्या जोडतोफेचा बिहो. आणि के-९ विसरू नका, तीच तोफ आपल्या गुजरातेत हजिऱ्याला वज्र नावाने बनते, मी तर तिच्यासाठीच आर्टिलरीची वेगळी रांग मागेन.

खरी मेहनत उत्तरेच्या रांगेत आहे, कारण माहिती मुख्यतः परेडच्या फोटोंतून काढावी लागते. यासाठी चाकं मोजायला शिका. टी-५५ला पाच चाकं, पहिल्या आणि दुसऱ्यात मोठी फट. टी-६२ला पण पाचच, पण फटी मागच्या चाकांमध्ये. उत्तरेचा स्वतःचा चोनमा-हो टी-६२वरूनच निघाला म्हणून त्याची पाच, पुढे पोकपुंग-होची सहा, आणि १० ऑक्टोबर २०२० च्या परेडमध्ये जो नवा रणगाडा दिसला त्याची सात. भाच्याने स्क्रीनला बोट लावून तीनदा मोजली, सातच. ज्याचं चिलखत कुणी मोजलेलंच नाही त्याला आकडा ठोकून देऊ नका, तो रणगाडा पहिल्या टप्प्यात नकोच.

विमानांत एवढी मारामारी नाही. उत्तरेकडून याक-९, आयएल-१०, मग मिग-१५ पासून मिग-२९ पर्यंत सरळ जिना. दक्षिणेकडे जुलै १९५० ला मिळालेली १० एफ-५१डी मस्टँग, मग एफ-८६, एफ-५, एफ-४ जी २०२४ पर्यंत उडत होती, एफ-१५के, आणि स्वतःचं एफए-५०. नौदलाला सुरुवातीला गस्ती बोटी पुरे, त्यात दक्षिणेची पेकडुसान घ्याच, नौसैनिकांनी पदरचे पैसे जमवून घेतलेली बोट ती.

झेंड्यावरून भांडण होणार हे धरून चाला. ट्रीच्या चिन्हाला पांढऱ्यावर निळा नकाशा असलेला एकत्र कोरियाचा झेंडा सुचवा, १९९१ ला टेबल टेनिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकला दोघांनी तोच वापरला होता. गाडीवर मात्र ज्याचा त्याचा खुणेचा शिक्का राहू दे, आणि सिम्युलेटर बॅटलमध्ये, म्हणजे गेमच्या खऱ्यासारख्या लढाईच्या प्रकारात, दोघांना समोरासमोर टाका, आर्केडमध्ये, म्हणजे सोप्या प्रकारात, एका टीमला चालतील.

प्रस्ताव पाठवताना प्रत्येक आकड्याला पुरावा जोडा, कंपनीचं छापील ब्रोशर, म्युझियममधल्या गाडीचा फोटो, परेडचं चित्रण. सैन्याचं गुप्त मॅन्युअल हाताला लागलं तरी हात लावू नका, त्याने गाडी तर येत नाहीच, वर माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो. पहिल्या टप्प्यात तीसेक चिठ्ठ्या पुरे, बाकीच्या डब्यात ठेवा, आणि परेडच्या फोटोखाली तारीख लिहायला विसरू नका कारण उत्तरेकडे तोच रणगाडा पुढच्या परेडला वेगळा बुर्ज घेऊन येऊ शकतो.