जुन्या फॉक्सप्रोचा रिपोर्ट नव्या प्रिंटरवर बिघडतो तेव्हा

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागातील एका पेढीवर नवा प्रिंटर बसवल्यानंतर फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहिलेल्या प्रोग्राममधून छापलेल्या हिशेबपट्टीची उजवी बाजू कापली जाऊ लागली आणि नेमका निव्वळ रकमेचा रकाना कागदावर येईना. पट्टीसाठी शेतकरी समोर उभा असताना अंदाजाने प्रयोग करणे योग्य नाही, म्हणून ही रीत क्रमाने सांगतो.

आधी विंडोजमधून चाचणीचे पान छापावे. ते नीट आले, तर त्याच प्रोग्राममधील दुसरा एखादा रिपोर्ट छापून पाहावा. तोही नीट आला, तर दोष बहुधा बिघडलेल्या रिपोर्टच्या फाइलमध्येच आहे.

व्हिज्युअल फॉक्सप्रोचा रिपोर्ट एफआरएक्स आणि एफआरटी अशा दोन जोडफाइलींत राहतो आणि रिपोर्ट तयार करताना जोडलेल्या प्रिंटरची माहिती त्यांत साठून राहू शकते. प्रिंटर बदलला तरी ती जुनी माहिती तशीच राहते. सर्व संगणकांवरील प्रोग्राम बंद करून दोन्ही फाइलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. ही पायरी कधीही गाळू नये. मग फॉक्सप्रोमध्ये एफआरएक्स फाइल साध्या टेबलासारखी उघडून पहिल्या नोंदीतील टॅग आणि टॅग2 ही मेमो फील्ड (लांब मजकूर साठवणारे रकाने) पूर्ण रिकामी करावीत. एक्स्प्र या फील्डमध्ये मात्र सरसकट पुसू नये: ड्रायव्हर, डिव्हाइस आणि आउटपुट या ओळी काढाव्यात, परंतु ओरिएंटेशन (छपाई उभी की आडवी) व पेपरसाइझ (कागदाचा आकार) ठेवावेत, कारण ओरिएंटेशनची 1 ही किंमत गेली तर आडवा रिपोर्ट उभा छापला जातो. पेपरसाइझ 9 म्हणजे ए4. पुढे रिपोर्टात बदल करून जतन करताना प्रिंटरची माहिती सोबत साठवण्याचा पर्याय बंद ठेवावा.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर रिपोर्ट ईएक्सई फाइलमध्येच, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या मुख्य फाइलमध्ये, बांधलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा बाहेरची फाइल दुरुस्त करून उपयोग होत नाही, मूळ प्रोजेक्टमधून ईएक्सई पुन्हा तयार करावी लागते. मूळ प्रोजेक्ट ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून तो आजच मागून घ्यावा, कारण व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या 2004 साली आलेल्या आवृत्ती 9 चे मायक्रोसॉफ्टचे साहाय्य जानेवारी 2015 मध्येच संपले आहे.

रिपोर्ट कधी या तर कधी त्या प्रिंटरवर जात असेल, तर विंडोज 10 मधील डीफॉल्ट प्रिंटर विंडोजनेच ठरवण्याचा पर्याय बंद करावा.