परभणीच्या थंडीत नाजूक झाडं कशी जगवायची

दिवाळी उरकली की माझं अर्धं लक्ष गच्चीवरच्या कुंड्यांकडंच असतं. मराठवाडा म्हटलं की लोक उन्हाळ्याचंच बोलतात, पण परभणीला थंडी काय पडते हे इथं राहणाऱ्यालाच माहीत, 2018 ला डिसेंबरच्या शेवटी कृषी विद्यापीठात 2 अंशाची नोंद झाली होती. असल्या थंडीत गहू-हरभरा खूष असतो. पण फुगीर खोडाचं अडेनियम, रंगीत पानांची कॅलेडियम नि अग्लोनिमा, मोठ्या कातरलेल्या पानांचा मॉन्स्टेरा, केळी, पपई ही सगळी उष्ण मुलखातली, पारा 10-12 च्या खाली गेला की ह्यांना त्रास सुरू, त्यासाठी बर्फच पडायला पाहिजे असं काही नाही.

सगळ्यात आधी पाणी. माझं सहा वर्षांचं अडेनियम थंडीनं नाही गेलं, मी रोज घातलेल्या पाण्यानं गेलं. डिसेंबरात पानं गळायला लागली तर मला वाटलं तहानलंय, म्हणून अजून पाणी घातलं, आणि संक्रांतीच्या आसपास खोडाच्या गड्ड्यावर अंगठा दाबला तर पिकून गेलेल्या चिकूसारखा आत गेला आणि तपकिरी पाणी आलं, आंबूस वासाचं. थंडीत अडेनियम झोपतं, पानं गळणं हा त्याचा स्वभाव आहे, तेव्हा मुळं पाणी ओढतच नाहीत आणि ओल्या गार मातीत सडतात. म्हणून पानं गळाली की पाणी बंद, गड्डा फारच सुरकुतला तर तीन-चार आठवड्यातून एखादा पेला, तोही दुपारी. थोडंच सडलं असेल तर धारदार स्वच्छ चाकूनं पांढरा कोरडा भाग लागेपर्यंत कापायचं, बुरशीनाशकाची पावडर लावायची आणि आठवडाभर सावलीत उघडं वाळवून मग रेताड मातीत लावायचं, वाचतं बऱ्याचदा.

बाकीच्या कुंड्यांना बोट दोन पेरं आत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी, सकाळी दहाच्या पुढं. गच्चीवरच्या टाकीचं सकाळचं पाणी लई गार असतं, ते थेट घालू नका, बादली भरून उन्हात ठेवा नाहीतर बोअरचं ताजं पाणी घ्या, ते हिवाळ्यात कोमटच येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे डोक्यावरचं आभाळ. ढग असले की रात्र उबदार जाते, आभाळ निरभ्र झालं आणि वारं पडलं की जमिनीतली, पानातली ऊब सरळ वर निघून जाते, आणि पान हवेपेक्षाही गार पडतं. खात्री करायची तर पहाटे उठून पानावरून हात फिरवा, उघड्यावरची कुंडी दवानं चिंब असते आणि चार फुटावर छज्जाखालची कोरडी. म्हणून नोव्हेंबरातच सगळ्या कुंड्या छज्जाखाली, दक्षिणेच्या नाहीतर पश्चिमेच्या भिंतीला लावून एकमेकीला चिकटून ठेवायच्या, भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. फरशीवर थेट नको, खाली विटा किंवा फळी टाका. जागा नसेल तर चार तुराट्या खोचून वर जुनं सुती लुगडं किंवा चादर टाकायची, पानाला टेकू द्यायची नाही, आणि सकाळी ऊन आलं की काढायची. प्लास्टिक टाकू नका, ते पानाला चिकटलं की तिथंच पान काळं पडतं.

जमिनीतल्या केळी-पपईचं गणित वेगळं. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते, म्हणून अर्धापूर-वसमतकडचे केळीवाले कडाक्याच्या थंडीत रात्री पाणी देतात, बुंध्याला पाचट घालतात, बांधावर शेकोटी करून धूर धरतात. परसात दोनच झाडं असली तरी संध्याकाळी थोडं पाणी आणि बुडाशी पाचटाचा थर एवढं कराच. पपईला मात्र बुडात पाणी साचू द्यायचं नाही.

कॅलेडियमची पानं पिवळी पडून बसली की मेलं समजून फेकू नका, कंद खाली जिवंत असतो. पाणी तोडा, कुंडी तशीच कोरडी कोपऱ्यात ठेवा, नाहीतर कंद काढून कोरड्या वाळूत ठेवा, मार्चात परत लावायचा. देवचाफ्याचं पण तसंच, पानं गळून नुसती खोडं उभी राहतात, राहू द्या.

अग्लोनिमा, मॉन्स्टेरा सरळ घरात, खिडकीजवळ, पण रात्री काचेला पान टेकता कामा नये. घरातल्या कोरड्या हवेत पिठ्या ढेकूण लवकर येतो, पानाची मागची बाजू आठवड्याला एकदा बघायची, दिसला की ओल्या फडक्यानं पुसून कडुनिंबाचं तेल फवारायचं. खत तर दिवाळीनंतर कशालाच नको, युरिया बिलकुल नको, कोवळी फूट आली की पहिल्या थंडीतच करपते.

आणि करपलेली पानं लगेच कापू नका, खालच्या डोळ्यांना त्यांचाच आडोसा असतो. महाशिवरात्र झाली की फांदीला नखानं हलकं खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं लागलं तर अजून खाली खरवडा, हिरवं लागेल तिथं वरून छाटा. घरातल्या कुंड्या एकदम उन्हात काढायच्या नाहीत, पहिले आठ दिवस फक्त सकाळचं ऊन, आणि अडेनियमला नवी पानं टोकाला दिसली की मगच पहिलं भरपूर पाणी.