नुसतं "चक्कर येते" लिहून घेऊ नका (घरी जाऊन पेशंट बघणाऱ्या नवीन फिजिओंसाठी)

पेशंट म्हणाला चक्कर येते की लगेच मानेचा एक्सरे बघायचा, हे सुरुवातीला मीही केलंय. साठीच्या पुढच्या कुणाचाही एक्सरे काढा, मणक्यात गॅप निघतोच, म्हणून चक्कर तिथूनच येते असं थोडीच आहे. एक काकू वर्षभर कॉलर घालून फिरत होत्या आणि त्रास काय, तर उजव्या कुशीवर वळलं की अर्धा मिनिट घर फिरायचं. तो कानाचा प्रकार होता.

म्हणून आधी विचारा, घर गरगर फिरतं, की उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येते, की डोकं ठीक आहे पण चालताना झोक जातो? आपल्याकडे तिन्हीला चक्करच म्हणतात, पण काम तिन्हीचं वेगळं. आणि हे अचानक सुरू झालं, सोबत बोलणं अडखळतं, एकाचे दोन दिसतात, तोंड वाकडं झालंय किंवा उभंच राहता येत नाही, तर टेस्ट वगैरे राहू द्या, थेट १०८.

अंधारी असेल तर आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी परत घ्या. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर डॉक्टरांकडे पाठवा, गोळ्यांची यादी सोबत द्या.

गरगरत असेल तर डिक्स-हॉलपाइक ही कानाची टेस्ट. मान खरंच कडक असेल तर जपून. बसवून डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा, पटकन मागे झोपवा, डोकं काठाखाली जरासं जाऊ द्या आणि डोळ्यांकडे बघत राहा. २-४ सेकंद काहीच होत नाही, मग बुबुळं वरच्या दिशेने आणि गोल फिरल्यासारखी थडथडायला लागतात आणि मिनिटाच्या आत थांबतात, म्हणजे कानातले कॅल्शियमचे खडे मागच्या नळीत गेलेत. पेशंट घाबरून हात घट्ट धरतो, आधीच सांगून ठेवा. तिथूनच एप्ली करा, म्हणजे डोकं टप्प्याटप्प्याने वळवून ते खडे नळीतून बाहेर काढा: थांबलं की डोकं ९० अंश डावीकडे, मग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग बसवा. प्रत्येक ठिकाणी साधारण अर्धा ते एक मिनिट. काकूंचं दोन फेऱ्यांत थांबलं (कॉलर मात्र अजून कपाटात जपून ठेवलीये).

झोक जातो त्यांना विचारा, बेसिनवर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का? देवासमोर डोळे मिटून हात जोडले की भिंत धरावी लागते का? हो म्हणाले की तळपायाची संवेदना तपासा, शुगर आणि बी१२ चे रिपोर्ट मागा, कारण पाय डोळ्यांच्या भरवशावर चालतायत. मग खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते मोजा, १२ किंवा जास्त लागले तर पडायची भीती आहे.

व्यायाम कायम कोपऱ्यात, मागे दोन भिंती, पुढे खुर्ची. आधी पाय जुळवून, मग एकापुढे एक, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. कानाची तोल सांभाळायची ताकद एका बाजूची कमी झाली असेल (खडे नव्हे) तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर नजर ठेवून मान नाही-नाही अशी हलवायची, आकडा पुसट झाला की स्पीड कमी. थोडं गरगरणारच, तेच हवंय, पण १५-२० मिनिटांत शांत नाही झालं तर व्यायामाचा डोस जास्त झाला. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोनमहिने चालू असतील तर मेंदू सवय करूनच घेत नाही, डॉक्टरांशी बोलून घ्या.

निघताना बाथरूममध्ये डोकावा, कारण आपण तासभर तोल शिकवतो आणि आजी रात्री दिवा न लावता ओल्या फरशीवर झिजलेली स्लीपर घालून जातात.